विश्लेषण : कोल्हापूरच्या मुलांना कोल्हापूरचा इतिहास वर्गात भेटतो का?

सहावी ते आठवी या तीन वर्षांत राज्य मंडळाच्या शाळेतला विद्यार्थी हडप्पापासून महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीपर्यंतचा इतिहास शिकतो. याच वयात त्याच्याकडून मराठीत स्वतःच्या शब्दांत चार परिच्छेद लिहिण्याची अपेक्षा सुरू होते. कोल्हापुरात हे दोन्ही विषय शिकणे इतर गावांपेक्षा सोपे असायला हवे. ब्रह्मपुरीची टेकडी, टाऊन हॉलचे वस्तुसंग्रहालय, बिंदू चौक, दसरा चौकाभोवतीची वसतिगृहे हे सगळे शहरातच आहे आणि पन्हाळा वीस-बावीस किलोमीटरवर. तरीही वर्षअखेरीस मुलाच्या वहीत बहुतेक वेळा उरतात ते सनावळ्या आणि ‘एका वाक्यात उत्तरे’. असे का होते आणि यात मराठीच्या तासाचा काय संबंध, याविषयी...

तीन वर्षांत पुस्तक नेमके काय शिकवते?

‘बालभारती’ची सध्याची मांडणी अशी : सहावीला प्राचीन भारत, सातवीला मध्ययुग आणि आठवीला आधुनिक भारत. ही पुस्तके अनुक्रमे २०१६, २०१७ आणि २०१८ मध्ये आली. इतिहास आणि नागरिकशास्त्र एकाच पुस्तकात आहे. सातवीचे पुस्तक बदलले तेव्हा मुघल काळ आटोपशीर झाला आणि शिवकाल व मराठ्यांचा विस्तार मध्यभागी आला. त्यावर तेव्हा राज्याबाहेरही बरीच चर्चा झाली.

कोल्हापूरच्या मुलासाठी सातवीचे पुस्तक ओळखीचेच असते. चौथीतल्या ‘शिवछत्रपती’ने ती ओळख आधीच करून दिलेली असते. सिद्दी जौहरचा वेढा, १६६० च्या आषाढातली सुटका, विशाळगडाची वाट आणि घोडखिंडीत बाजीप्रभूंनी रोखून धरलेला शत्रू हा भाग शिकवताना शिक्षकाला फार काही करावे लागत नाही. शाळा सुरू होऊन महिनाही झालेला नसतो, बाहेर तोच पाऊस पडत असतो आणि पन्हाळगड ते पावनखिंड पदभ्रमंतीला निघालेले तरुणांचे जथे रस्त्यावर दिसत असतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात पन्हाळाही आहे. त्यामुळे आता या धड्याला ताज्या बातमीचीही जोड मिळाली आहे.

सर्वात महत्त्वाचा धडा मागे का पडतो?

तिन्ही वर्षांच्या पुस्तकांत एक गोष्ट समान आहे. सातवी आणि आठवीचा पहिला धडा, तर सहावीचा दुसरा धडा ‘इतिहासाची साधने’ हा आहे. भौतिक साधने, लिखित साधने, मौखिक साधने अशी विभागणी असते. आठवीत त्यात वृत्तपत्रे, छायाचित्रे, ध्वनिमुद्रिते आणि चित्रपटही येतात. पुस्तक लिहिणाऱ्यांचा हेतू उघड आहे : जे पुढे सांगणार आहोत ते आम्हाला कसे कळले, हे आधी समजून घ्या. एकच गोष्ट तीन वर्षे तीनदा सांगितली जाते, यावरूनच तिला किती महत्त्व दिले आहे हे दिसते.

पण हा धडा जूनमध्ये येतो. प्रवेश, गणवेश, पुस्तकवाटप, नव्या वर्गाची घडी बसवणे यातच जून जातो. धड्यात गोष्ट नाही, लढाई नाही, नायक नाही. शिवाय परीक्षेत त्यावर प्रश्न येतो तो ‘भौतिक साधनांची दोन उदाहरणे लिहा’ असा. ताम्रपट, नाणी असे लिहिले की गुण मिळतात. ताम्रपट कधी पाहिला का, हे कुणी विचारत नाही.

दुसरे कारण परीक्षांच्या रचनेत आहे. शिष्यवृत्ती परीक्षेत प्रथम भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी असते, इतिहास नसतो. राज्यभर होणाऱ्या नियतकालिक चाचण्याही प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजीच्या. आठवीची एनएमएमएस परीक्षा याला अपवाद आहे. तिच्या शालेय क्षमता चाचणीत ९० पैकी ३५ प्रश्न सामाजिक शास्त्रांचे असतात आणि निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये मिळतात. कमी उत्पन्नाच्या कुटुंबासाठी ही रक्कम छोटी नाही. त्यामुळे गावोगावच्या शाळांत या परीक्षेचे जादा तास मनापासून घेतले जातात. मात्र ती चार पर्यायांची परीक्षा आहे. वारणेचा तह कोणत्या वर्षी झाला हे तिला विचारता येते. तो का झाला हे मुलाकडून लिहून घेता येत नाही.

२०१० पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. सातवी-आठवीत आकारिक मूल्यमापनाला ४० आणि संकलितला ६० टक्के भार दिला होता. आकारिकमध्ये प्रकल्प, उपक्रम, तोंडी काम यांना जागा होती आणि इतिहासासाठी हीच खरी संधी होती. प्रत्यक्षात प्रकल्प म्हणजे स्टेशनरीच्या दुकानातून आणलेली चित्रे चिकटवलेली वही, असे समीकरण होऊन बसले. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली. तिच्यात अनुत्तीर्ण झाल्यास पुनर्परीक्षा आणि त्यातही यश न मिळाल्यास त्याच वर्गात राहावे लागते. आठवीत सामाजिक शास्त्रांची परीक्षा असते, पण इतिहास, नागरिकशास्त्र आणि भूगोल त्यात एकत्र आहेत. इतिहासाच्या वाट्याला त्यातला तुकडाच येतो.

दोन शाहू महाराजांचा घोळ कुठून येतो?

कोल्हापुरात शालेय वर्ष सुरू झाले की लगेच २६ जून येतो. राजर्षी शाहू महाराजांची जयंती, म्हणजेच राज्याचा सामाजिक न्याय दिन. प्रभातफेरी निघते, भाषणे होतात, दसरा चौकात पुतळ्याला हार घातले जातात. सातवीतला मुलगा त्या फेरीत चालून येतो आणि काही महिन्यांनी पुस्तकात वाचतो की शाहू महाराज १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटले. उत्तरपत्रिकेत मग मोगलांच्या कैदेतले शाहू महाराजच राधानगरीचे धरण बांधायला घेतात. मुलाचा दोष कमी आहे. दोन्ही नावे एकच, दोन्ही छत्रपती, आणि त्यांच्यातला दुवा पुस्तकाच्या मुख्य वाटेवर नाही.

हा दुवा कोल्हापूरच्या जन्माचाच आहे. पहिले शाहू हे संभाजी महाराजांचे पुत्र. ते परतल्यावर गादीवर हक्क कुणाचा यावरून त्यांचा आणि ताराराणींचा संघर्ष झाला. शाहू साताऱ्याला स्थिरावले. ताराराणींनी १७१० च्या सुमारास पन्हाळ्यावर आपल्या पुत्राच्या नावे वेगळी गादी उभी केली. १७१४ मध्ये तिथेही सत्तापालट झाला आणि राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि करवीर अशी दोन राज्ये मान्य झाली. पुस्तकाचा रस्ता यापुढे साताऱ्याहून पुण्याच्या पेशव्यांकडे, तिथून पानिपताकडे वळतो. ते समजण्यासारखे आहे, मराठी सत्तेचा विस्तार तिकडूनच झाला. पण कोल्हापूरचे मूल या वळणावर मागे राहते. आपले शहर पुढची दीडशे-दोनशे वर्षे काय करत होते, हे त्याला कळत नाही. कावळा नाक्यावर घोड्यावर बसलेल्या ताराराणी तो रोज बसमधून पाहतो. त्या नसत्या तर हे शहर राजधानी झाले असते का, हा प्रश्न त्याला कुणी घालत नाही.

दुसरे शाहू महाराज १८७४ चे. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १८८४ मध्ये करवीरच्या गादीवर दत्तक आले आणि त्यांचे नाव शाहू झाले. १८९४ मध्ये त्यांनी कारभार हाती घेतला. आठवीच्या ‘समतेचा लढा’ या धड्यात त्यांचे कार्य काही परिच्छेदांत येते. राज्यभरच्या पुस्तकात यापेक्षा जास्त जागेची मागणी करणे कदाचित रास्त नाही. मात्र कोल्हापूरच्या वर्गात त्या परिच्छेदांवर थांबायलाच हवे, कारण ज्या बाकावर मूल बसले आहे त्याचा उगम तिथे आहे.

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळी मजुरी करणाऱ्याला हा रुपया जड होता. पुढच्या वर्षी करवीरातल्या चिखली गावात या योजनेतली पहिली शाळा सुरू झाली. १९१९ मध्ये अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम निघाला. त्याआधी थोडीच वर्षे गोपाळ कृष्ण गोखले यांनी ब्रिटिश हिंदुस्थानात असाच कायदा व्हावा म्हणून विधेयक मांडले होते आणि ते फेटाळले गेले होते. देशभरात ६ ते १४ वयाच्या मुलांना शिक्षणाचा कायदेशीर हक्क मिळाला तो २०१० च्या एप्रिलपासून. हा सगळा क्रम फळ्यावर एका ओळीत मांडला, तर ‘समतेचा लढा’ हे शीर्षक पाठ करावे लागत नाही.

शहरात पुरावे कुठे आहेत?

सहावीचा शेवटचा धडा ‘प्राचीन भारत आणि जग’. रोमशी चाललेला व्यापार त्यात येतो. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले. सातवाहन काळातली वस्ती तिथे उघडी पडली. याच टेकडीवर समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती मिळाली होती. समुद्रापासून इतक्या दूर, सह्याद्रीच्या अलीकडे, रोमन समुद्रदेव काय करत होता? सहावीच्या मुलाला याहून चांगला प्रश्न मिळणार नाही. टाऊन हॉलचे वस्तुसंग्रहालय या उत्खननातील वस्तूंसाठीच सुरू झाले. टाऊन हॉलची १८७० च्या दशकातली इमारत स्वतःही आठवीच्या व्याख्येनुसार भौतिक साधनच आहे.

आठवीचे पुस्तक पुतळ्यांनाही इतिहासाचे साधन मानते. कोल्हापूरला त्याचे दोन उत्तम नमुने आहेत. बिंदू चौकातले महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे पुतळे डिसेंबर १९५० मध्ये बसले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. त्यामागे भाई माधवराव बागल होते. हयात माणसाचा पुतळा शहराने का उभारला, हे शोधायला गेले की १९२० ची माणगाव परिषद समोर येते आणि तिथून पुन्हा शाहू महाराज. दुसरा नमुना आता जागेवर नसलेल्या पुतळ्याचा. १९४२ च्या आंदोलनात शहरातला गव्हर्नर विल्सनचा पुतळा विद्रूप केला गेला आणि त्यात स्त्रिया पुढे होत्या. नंतर त्याच जागी छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. कोणता पुतळा कधी आला आणि कोणता कधी गेला, एवढ्या यादीतूनही शहराच्या शंभर वर्षांचा अंदाज येतो.

आणि सहल? ती दिवाळीनंतर निघते. एसटी शालेय सहलींना भाड्यात ५० टक्के सवलत देते, त्यामुळे लाल गाडी ठरते आणि मुले रायगडला, प्रतापगडला, कोकणात जातात. जायलाच हवे. पण गावातच असलेल्या टाऊन हॉलला ‘सहल’ म्हणायला ना मुले तयार असतात ना पालक. डबा घेऊन पहाटे निघाल्याशिवाय सहल झाल्यासारखी वाटत नाही, हा मानवी स्वभाव. त्यावर उपाय एकच : संग्रहालयाला सहल न म्हणता तास म्हणणे.

मराठीच्या तासाचा यात काय संबंध?

इतिहासाचे तास आठवड्यात मोजके. मराठीचा तास जवळपास रोज. पुराव्यावरून आपले म्हणणे मांडणे ही इतिहासाची खरी परीक्षा आहे आणि ते मांडण्याचा सराव मराठीच्या तासालाच होऊ शकतो. उच्च प्राथमिकच्या मराठीत पत्र, बातमी, मुलाखत, वर्णन, निबंध हे लेखनप्रकार येतात. सध्या मुलाखत बहुधा काल्पनिक घेतली जाते, ‘एका शेतकऱ्याची मुलाखत’ अशी, आणि प्रश्न-उत्तरे दोन्ही मार्गदर्शिकेतून उतरवली जातात. त्याऐवजी घरातल्या आजीला २००५ किंवा २०१९ च्या महापुराबद्दल विचारले, तर मराठीची मुलाखतही होते आणि इतिहासाचे मौखिक साधनही तयार होते.

कोल्हापूरला पुराचा विषय शोधावा लागत नाही. दर पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी ही घराघरांतली पहिली बातमी असते : ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ मध्ये ती ५५ फुटांच्या पुढे गेली होती. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की मुलांना सुट्टीचे वेध लागतात. ते धरण शाहू महाराजांच्या काळात सुरू झाले, हे मात्र कुठल्याशा ‘रिकाम्या जागा भरा’मध्ये राहून जाते. सुट्टीत पडून असलेली जुनी वर्तमानपत्रे, भिंतीवरची पाण्याची रेघ, आजीची आठवण : तीन प्रकारची साधने एकाच घरात. तिन्हींत दिवस किंवा पाण्याची उंची वेगळी निघाली तर फारच छान. कोणाचे खरे मानायचे आणि का, यावर मुलाला दहा ओळी लिहाव्या लागतील आणि त्या दहा ओळी कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडणार नाहीत.

इथे भाषेचा एक नाजूक प्रश्न येतो. कोल्हापुरात मुलगीही ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणते. ‘काय करालायस?’, ‘लै भारी’, ‘न्हाई वं’ ही घराची भाषा आहे. वहीत ‘जातो’ खोडून लाल शाईने ‘जाते’ केले जाते. प्रमाण मराठी शिकवणे हे शाळेचे कामच आहे, त्यात तडजोड नको. पुढच्या परीक्षा, अर्ज, नोकरी सगळे त्याच भाषेत आहे. मात्र प्रत्येक वाक्यावर लाल शाई पडू लागली की मूल कमी लिहू लागते, आणि चुका टाळण्याचा सर्वात सोपा मार्ग म्हणजे पाठ केलेले लिहिणे. आजीची मुलाखत या कोंडीतून वाट काढते. आजीचे शब्द अवतरणचिन्हांत तसेच ठेवायचे, कारण ते साधन आहे, ते दुरुस्त करायचा अधिकार कुणाला नाही. त्याखाली मुलाने स्वतः लिहायचे ते प्रमाण मराठीत. दोन्ही भाषा एकाच पानावर आणि प्रत्येकीचे काम वेगळे. अवतरणचिन्हांचा धडाही यातच उरकतो.

या मातीतल्या बोलीला साहित्यात मान मिळवून देणारे लेखकही इथलेच. पट्टणकोडोलीचे शंकर पाटील, कागलचे आनंद यादव. यादवांच्या ‘झोंबी’ला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकण्यासाठी घराशी आणि गरिबीशी झगडणाऱ्या मुलाची ती कहाणी कागलची आहे, ज्या घाटगे घराण्यातून सक्तीच्या शिक्षणाचा कायदा करणारा राजा आला त्याच गावची. कायदा झाल्यावरही शाळेची वाट किती अवघड होती, हे दाखवायला आठवीच्या शिक्षकाला याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही.

वर्षाच्या शेवटी काय राहून जाते?

आठवीचा शेवटचा धडा ‘महाराष्ट्र राज्याची निर्मिती’. त्याआधीचा ‘स्वातंत्र्यलढ्याची परिपूर्ती’, ज्यात संस्थानांचे विलीनीकरण आहे. हे दोन्ही वर्षाच्या टोकाला येतात. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, स्नेहसंमेलन, स्पर्धा परीक्षा आणि वार्षिक परीक्षेची तयारी यांत मार्च कधी संपतो ते कळत नाही. परिणामी कोल्हापूरच्या मुलाला एक साधी गोष्ट अनेकदा कळतच नाही : १५ ऑगस्ट १९४७ ला त्याचे शहर भारतातल्या कोणत्याही प्रांताचा भाग नव्हते. कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले ते १ मार्च १९४९ रोजी. त्यासाठी प्रजा परिषदेने लढा दिला आणि त्यात माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार ही इथलीच माणसे होती. ऐंशी-पंचाऐंशी वयाच्या पणजोबांना संस्थानी काळातल्या गोष्टी अजून ऐकून-पाहून ठाऊक आहेत. हे मौखिक साधन फार वर्षे हाताशी राहणारे नाही.

नवी पुस्तके आल्यावर चित्र बदलेल?

पुस्तकाच्या बाह्यरूपात अलीकडे बरेच प्रयोग झाले. २०२३-२४ मध्ये पुस्तकातच वहीची कोरी पाने देण्यात आली; दोन वर्षांनी ती पद्धत मागे घेतली गेली. आता राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यानुसार पुस्तके टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. २०२५ मध्ये पहिलीपासून सुरुवात झाली असून सहावी ते आठवीची पाळी त्यानंतरच्या टप्प्यांत आहे. सीबीएसई शाळांतल्या आठवीच्या एनसीईआरटी पुस्तकात २०२५ पासून मराठ्यांवर स्वतंत्र प्रकरण आले. म्हणजे शहरातल्या दोन्ही प्रकारच्या शाळांत या विषयाची जागा वाढते आहे.

तरीही राज्यभरच्या एका पुस्तकात ब्रह्मपुरी, वारणेचा तह आणि राजाराम बंधारा पुरेसे मावणार नाहीत. नांदेडच्या आणि रत्नागिरीच्या मुलांनाही आपापले काही हवेच आहे. तेवढा भाग शाळेलाच करावा लागेल आणि त्यासाठी नव्या पुस्तकाची वाट पाहण्याची गरज नाही. सध्याच्या पुस्तकातला साधनांचा धडा जूनऐवजी पावसाची सुट्टी संपल्यावर ऑगस्टमध्ये घेतला, त्या आठवड्यातले मराठीचे दोन तास त्याला जोडले आणि एक सकाळ टाऊन हॉलसाठी राखली, तर वेळापत्रकातला एकही तास वाढत नाही. आकारिक मूल्यमापनाच्या नोंदीत ‘प्रकल्प’ हा रकाना आहेच.